फोम इमर्जर बुडतो कशाने आणि उताणा पडतो कशाने

मासे पकडायला गळावर दोरा-पिसांनी बांधतात तो खोटा किडा म्हणजे फ्लाय, आणि पाण्यातून वर येऊन कात टाकू पाहणाऱ्या किड्याची नक्कल करणारा फ्लाय म्हणजे इमर्जर. नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका तरुण मित्राने विचारलंय: "व्हिडिओ पाहून फोमच्या पाठीचे इमर्जर बांधतोय. १४ नंबरचा बाकदार गळ, २ मिमी फोम. निम्मे फ्लाय पाण्यात टाकले की बुडतात. उरलेल्यांतले काही बुचासारखे वर राहतात, काही चक्क उताणे पडतात. सप्टेंबरअखेर हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात जायचंय. माझं चुकतंय कुठे?"

गेली बावीस वर्षं नाशिकात बसून हिमाचलच्या पाण्यासाठी फ्लाय बांधतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचे तिन्ही दोष मी वर्षानुवर्षं केलेत आणि तिन्हींचं मूळ एकाच समजुतीत होतं. फोम घातला तो फ्लाय तरंगावा म्हणून, असं मी धरून चाललो होतो. इमर्जर तरंगायला नकोच असतो. तो पाण्याच्या वरच्या पापुद्र्यात अडकायला हवा: छाती वर, पोट खाली, अर्धा बाहेर, अर्धा आत. फोम फक्त छातीला धरून ठेवतो, बाकीचा फ्लाय भिजला पाहिजे.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर हिमाचलपर्यंत जायची गरज नाही. पावसाळा ओसरला की त्र्यंबकजवळच्या पहिनेच्या बाजूला जा. ओढ्यातला तळहाताएवढा दगड हलकेच उलटा. खालच्या बाजूला चपटे, दोन-तीन शेपट्यांचे चपळ किडे पळताना दिसतील, ती मेफ्लायची पिल्लं, म्हणजे निम्फ. एखादं पांढऱ्या बशीत पाण्यासकट घ्या आणि त्याच्या पाठीवरचा काळपट फुगवटा नीट बघा. तिथे पंख घडी घालून ठेवलेले असतात. बाहेर पडायची वेळ झाली की तो फुगवटा गडद होतो, कातीखाली वायू साठतो, किडा वर येतो, पाठ उकलते आणि त्याच फटीतून पंखवाला किडा वर निघतो. जुनी कात शेपटीकडे लोंबत राहते. ते काही क्षण त्याला उडताही येत नाही आणि खाली पळताही येत नाही. ट्राउट, म्हणजे थंड नद्यांतला आपला मासा, नेमकं हे क्षण हेरतो. आपण बांधतो ते या क्षणांचं चित्र, आणि फोमची पाठ म्हणजे तो उकलू लागलेला फुगवटा. एवढं डोक्यात बसलं की फोम कुठे, किती आणि कसा लावायचा याचं निम्मं उत्तर मिळतं.

आता बुडण्याचं कारण. गणित साधं आहे. तुमची पट्टी ३ मिमी रुंद, २ मिमी जाड आणि बांधल्यावर वर राहिलेला भाग ५ मिमी लांब धरला, तर आकारमान झालं ३० घन मिमी. तेवढं पाणी बाजूला सारलं तर ३० मिलिग्रॅम वजन पेललं जातं, त्यातून फोमचं स्वतःचं वजन वजा. म्हणजे हातात भांडवल मुळात फार थोडं आहे. दोऱ्याने आवळून फोम निम्मा चेपला की १५ उरले. वर पट्टी ताणून पुढे ओढली की ती बारीक होते, अजून गेलं. बहुतेकांचा फ्लाय बुडतो तो इथे, आणि मग माणूस पुढच्या वेळी अजून जाड फोम घेतो. फोम पुरेसा होता, तुम्ही तो बांधताना मारला.

माझ्या एका स्नेह्याचं सराफ बाजारात दुकान आहे. त्याच्याकडच्या सोन्याच्या काट्यावर मी दहा-दहा फ्लाय एकदम ठेवून वजन करून पाहतो, आधी फोमशिवाय आणि मग फोमसकट. तुम्हीही एकदा करा. तार, दोऱ्याचे जास्तीचे फेरे, वार्निशचा थेंब, यातलं काय किती वजन घालतं ते कळलं की हात आपोआप हलका पडतो. फोमला सगळा भार एकट्याने उचलायचा नसतो, काही भार पाण्याचा पापुद्रा घेतो. म्हणून फ्लाय पाण्यावर हळू उतरला की राहतो आणि आपटला की जातो.

फोम कुठला, हेही तपासा. बंद पेशींचा हवा. पाण्याखाली धरून चिमटीत दाबा: बुडबुडे निघाले आणि सोडल्यावर पाणी आत शोषलं गेलं, तर तो सोफ्याच्या जातीचा उघडा फोम, आपल्या कामाचा नाही. स्टेशनरीच्या दुकानात शाळेच्या प्रोजेक्टसाठी ईव्हीएचे रंगीत पातळ शीट मिळतात, २ मिमीचे. काळा, राखाडी आणि मातकट असे तीन घेतले की वर्षभर पुरतात. सरावासाठी आपल्याकडे आणखी एक फुकटची गोष्ट आहे. डाळिंबाला, पेरूला जी पांढरी फोमची जाळी घालतात ती. तीही बंद पेशींचीच, तरंगते उत्तम, पण मऊ असल्याने दोरा तिला कापत जातो. म्हणूनच शिकायला चांगली. तिच्यावर दोरा न कापता बांधता आला की ईव्हीए सोपा वाटतो.

उताणं पडण्याची कारणं दोन. पहिलं दोऱ्याच्या पिळाचं. आपण दोरा आपल्यापासून पलीकडे गुंडाळतो, आवळताना तो फोमलाही पलीकडे ओढतो. तुम्हाला वाटतं पट्टी पाठीवर आहे, प्रत्यक्षात ती कुशीवर सरकलेली असते. शेगड्यात, म्हणजे गळ पकडून ठेवायच्या चिमट्यात, लावलेल्या गळाकडे समोरून, नेढ्याच्या बाजूने बघा, लगेच दिसेल. उपाय असा की पट्टी दांडीवर ठेवताना मुद्दाम थोडी आपल्या बाजूला कलती ठेवायची. दोरा आवळला की ती मध्यावर येते. दुसरं कारण रुंदी. पट्टी रुंद आणि सपाट असली की ती होडीसारखी वागते. फ्लाय पाठीवर पडला तर तसाच बसतो, कारण त्याला उलटा करायला लागेल एवढं वजनच गळाच्या बाकात नसतं. १४ नंबरला ३ मिमीच्या वर जाऊ नका, १६ ला २ मिमी पुरे (नंबर वाढतो तसा गळ लहान). कापल्यावर वरच्या दोन्ही कडा ब्लेडने नावापुरत्या तासून पाठ गोलसर करा. गोल पाठीवर फ्लाय टिकत नाही, लगेच कुशीवर येतो आणि सरळ होतो.

बुचासारखा तरंगणारा फ्लाय म्हणजे फोम बाकापर्यंत मागे गेलाय. फोमची जागा दांडीच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात, त्यामागे एक कणही नको.

मी बांधतो तसा क्रम सांगतो. गळ बाकदार, बारीक तारेचा, १४ किंवा १६. बसवण्याआधीच टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. बांधून झाल्यावर दाबताना कधी कधी टोकच तुटतं आणि मेहनत वाया जाते. दोरा ७० डेनियरचा (डेनियर हे दोऱ्याच्या जाडीचं माप), म्हणजे बारीक. शिलाई मशीनचा दोरा वापरू नका, दोन-चार फेऱ्यांतच डोंगर होतो.

नेढ्यामागे थोडी जागा सोडून दोरा सुरू करा आणि बाकाच्या अर्ध्यापर्यंत मागे न्या. तिथे कातीसाठी अँट्रॉन या चमकदार कृत्रिम धाग्याचे सहा-आठ तंतू, लांबी दांडीच्या निम्मी. या धाग्याचा छेद त्रिदल असतो, त्यामुळे तो पाण्यात उजेड पकडतो आणि रिकाम्या कातीसारखा चमकतो. भरगच्च झुपका नको. कात पोकळ असते, आरपार दिसते.

त्याच जागी पोटावर गुंडाळायची तार. मी अंबडच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून ४० गेजची तांब्याची तार आणतो, ०.१२ मिमीच्या आसपास. चार-पाच फेऱ्यांत पोटाचे वलय दिसतात आणि शेपटीकडची बाजू खाली झुकायला जरासं वजनही मिळतं. १६ हून लहान गळावर तार सोडून द्या.

पोटासाठी परदेशातले लोक तितराच्या जातीच्या पक्ष्याचं शेपटीचं पीस वापरतात. मी रेशीम वापरतो, तेही येवल्याचं. पैठणीच्या मागावर उरलेले तुकडे एका विणकराने मला आपुलकीने दिले होते. त्यातला मेंदी रंगाचा धागा आजही पुरवून पुरवून वापरतोय. रेशमाबद्दल एक लक्षात ठेवा: भिजलं की रंग गडद होतो. कोरडा असताना अगदी बरोबर वाटणारा हिरवा पाण्यात जवळजवळ काळा दिसतो. म्हणून धागा निवडताना जिभेला लावून ओला करून बघा आणि हवा त्याहून एक छटा फिका घ्या. पोट सडपातळ ठेवा, दोऱ्याच्या एका थरावर रेशमाचा एक थर, बस्स.

आता फोम, इथे घाई करू नका. पट्टीचं एक टोक कात्रीने निमुळतं करा, बाणाच्या टोकासारखं. ते टोक पोट संपतं तिथे दांडीवर ठेवायचं, पट्टीचा बाकीचा भाग मागे, शेपटीकडे. पहिले दोन फेरे नुसते टेकवायचे, फोम जराही दबता कामा नये. तिसरा फेरा थोडा आवळा, चौथा पूर्ण, आणि तेही फक्त निमुळत्या टोकावर. चारच्या वर फेरे नाहीत. टोक निमुळतं केल्याचा फायदा हाच की दोरा पकडतो ते थोडकं, आणि ज्याने तरंगायचं ते शाबूत राहतं. दांडीवर आधी दोऱ्याचा खरखरीत पाया असला तर पट्टी फिरत नाही. फिरत असेल तर पायावर फेविक्विकचा सुईच्या अग्राएवढा थेंब लावा, फोमवर नाही. फोमवर लागलं की तो भाग काचेसारखा कडक होतो आणि वजन वाढतं.

छातीला सशाच्या केसांचं डबिंग, म्हणजे दोऱ्यावर पिळून गुंडाळायचे मोकळे केस, पाळीव सशाच्या विंचरणीत निघालेले केस उत्तम. पोटाच्या दीडपट जाड, विस्कटलेलं. पाय म्हणून गावरान कोंबडीच्या मानेच्या मऊ पिसाचे दोन फेरे. चिकनच्या दुकानातून पिसं आणलीत तर शांपूने धुवा, वाळवा आणि पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर कसर तुमचा सगळा डबा खाईल. वरच्या बाजूचे तंतू कात्रीने काढा, कारण तिथे फोम बसणार आहे.

पिसांचा विषय निघाला म्हणून तळमळीने सांगतो. सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेची पिसं फ्लाय बांधणाऱ्यांना शंभराहून अधिक वर्षं हवीशी वाटत आली आहेत, आणि त्यापायी या पक्ष्याने फार सोसलंय. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. कोणी कितीही स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका. या फ्लायला त्याची काही गरज नाही.

आता पट्टी पुढे आणायची. इथे तुम्ही ओढता, मी खात्रीने सांगतो. पट्टी ताणायची नाही, नुसती वाकवायची, मधे किंचित पोकळी राहील अशी. झुकवलेल्या छत्रीसारखी कमान दिसली पाहिजे. नेढ्यामागे आधी दोन टेकते फेरे, मग दोन आवळलेले. उरलेली पट्टी नेढ्याच्या थोडी पुढे राहील अशी कापा, एक मिमीचं डोकं ठेवा. ते डोकं नेढं वर धरून ठेवतं आणि वाहत्या पाण्यात फ्लाय नाकावर बुडत नाही. डोक्याखालून दोरा नेऊन व्हिप फिनिश, म्हणजे दोरा स्वतःच्याच फेऱ्यांखाली अडकवून मारायची शेवटची गाठ. नेलपॉलिश लावायचंच असेल तर सुईने, फक्त दोऱ्यावर. शेवटी पाठीवर मार्करने एक केशरी ठिपका. माशाला खालून तो दिसत नाही, तुम्हाला वरून दिसतो, आणि संध्याकाळच्या उजेडात फार उपयोगी पडतो.

१६ आणि १८ साठी २ मिमी फोम जाड होतो. नव्या ब्लेडने काचेवर धरून त्याचे दोन पापुद्रे करा. पहिले दहा वाकडे जातील, मग जमतं.

चाचणी काचेच्या ग्लासात, स्टीलच्या नाही, कारण बाजूने बघायचंय. फ्लाय आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी चिमटीत दाबून सोडा. नवा कोरा फ्लाय कसाही तरंगतो, त्यावर विश्वास नको. मग एक वीतभर उंचीवरून पाच वेळा टाका. पाचपैकी चार वेळा पाठ वर आणि पोट तिरकं खाली आलं तर डब्यात. बाजूने बघताना डोळे पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवा, म्हणजे मासा पाहतो तसं दिसेल: पापुद्र्यावर फोमचा डाग, खाली लोंबणारं पोट, टोकाला चमकणारी कात. मी पहिल्यांदा असा खालून पाहिला तेव्हा आधीच्या दोन सहलींमध्ये मासे जवळ येऊन का परत गेले ते मला समजलं. माझे फ्लाय पूर्णच्या पूर्ण पाण्याच्या वर होते. खाली काही नव्हतंच.

याच विचाराचा सगळ्यात प्रसिद्ध फ्लाय म्हणजे हान्स फान क्लिंकेन या डच माणसाने १९८४ मध्ये बांधलेला क्लिंकहॅमर. त्यात फोम नाही, उभ्या झुपक्याभोवती पीस गुंडाळलेलं असतं, पण पोट पाण्याखाली तिरकं लोंबतं ते अगदी असंच. तोही बांधून शेजारी ग्लासात टाका. दोन्ही एकाच कोनात बसले तर तुमचा हात बसला.

इथे सराव करायला ट्राउट नाही, त्याला थंड आणि भरपूर प्राणवायूचं पाणी लागतं, गोदावरीत ते नाही. पण दांडवण आणि लहान चिलापी वरचे किडे टिपतात. गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर किंवा अशाच जागी, मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे असेल तिला विचारून, १८ नंबरचा फ्लाय टाकून बघा. मासा तोंड कसं लावतो आणि आपण किती घाईने ओढतो ते तिथेच कळतं.

आता तीर्थनबद्दल. ही नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या बाजूने उतरते, गुशैनी, बंजारवरून लारजीकडे जाते. त्या भागात ब्राउन ट्राउट इंग्रजांनी आणला, कुल्लूत १९०९ च्या सुमारास. सप्टेंबरअखेर पावसाचं गढूळ पाणी निवळू लागतं, म्हणून तुमची वेळ चांगली आहे. परत जायचं ठरवलंत तर लक्षात ठेवा, हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, माशांच्या विणीसाठी. मत्स्य विभागाचा परवाना पोहोचल्याबरोबर काढा, आणि मासा पाण्यातच सोडवून परत द्या. काटा दाबलेला असला की ते क्षणाचं काम असतं.

पाण्यावर गेल्यावर लगेच गळ टाकू नका. दहा मिनिटं बसून बघा. मासा वर येताना तोंड दिसलं आणि मागे बुडबुडा राहिला, तर तो वरचा पंखवाला किडा खातोय. तोंड न दिसता नुसती पाठ आणि मग शेपटी वळताना दिसली, तर तो पापुद्र्याखालचं खातोय, तुमचा इमर्जर काढा. ढगाळ दुपारी हे जास्त दिसतं. ९ फुटी लीडर (मुख्य दोरीपुढची निमुळती दोरी), पुढे ५एक्स टिपेट (तिच्या टोकाचा बारीक धागा, ५एक्स हे त्याच्या जाडीचं माप). फ्लाय तरंगवायचं वंगण लावायचं ते फोमला आणि छातीला, पोटाला चुकूनही नको. उलट पोट थुंकीने भिजवून घ्या. टिपेटचा शेवटचा वीतभर भागही वंगणाविना ठेवा, वंगण लागलं की तो पाण्यावर चकाकतो. दगडांमधल्या उसळत्या पाण्यात १४ नंबर, संथ कुंडांत १६. फ्लाय पाण्याच्या वेगानेच वाहू द्या, जरा ओढला गेला तरी मासा सोडून देतो. मासा लागला की मनगट झटकू नका, काठी फक्त वर घ्या.

फ्लाय वारंवार फिरून टिपेटला पीळ पडत असेल तर फोम अजून रुंद आहे किंवा एका बाजूला गेलाय. नदीकाठीच कात्रीने पट्टीच्या दोन्ही कडा जरा कमी करा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

आणि डबा गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. माझा एक डबा मे महिन्यात एका दुपारी तसाच राहिला होता. ईव्हीए आक्रसला, पाठी वाकड्या झाल्या आणि चाळीस फ्लाय नव्याने बांधावे लागले.

तुमच्याकडे अजून वेळ आहे. १४ चे बारा आणि १६ चे बारा बांधा, सगळे ग्लासातून काढा. जे नापास होतील त्यांचा फोम ब्लेडने सोडवून गळ परत वापरता येतो. एकाचा बाजूने आणि एकाचा नेढ्यासमोरून फोटो पाठवलात तर फोम कुठे सरकलाय ते बघून सांगतो.